प्रोटेक्टोरेटमधली चेक वृत्तपत्रे : कात्री कुणाच्या हातात होती?

दप्तरदार (धागाकर्ता)

व्याप्त युरोपातल्या वृत्तपत्रांचा विषय निघाला की चर्चा पोलंड नाहीतर फ्रान्सकडे वळते. पोलंडचं प्रकरण सरळ आहे. जर्मनांनी पोलिश दैनिकं बंद केली आणि पोलिश भाषेत स्वतःची पत्रं काढली. बोहेमिया-मोराव्हियात, म्हणजे जर्मनांनी ‘प्रोटेक्टोरेट’ (संरक्षित प्रदेश) ठरवलेल्या चेक भागात, मात्र १५ मार्च १९३९ ला जर्मन सैन्य शिरल्यानंतरही ‘नारोद्नी पोलितिका’, ‘लिदोव्हे नोव्हिनी’, ‘चेस्के स्लोव्हो’, ‘व्हेन्कोव्ह’ ही सगळी जुनी पत्रं तशीच चालू राहिली. नाव तेच, छापखाना तोच, संपादकवर्गही बराचसा तोच. आणि मजकूर तपासणारे लोकही चेकच. हे गौडबंगाल समजून घ्यायला हा धागा.

आधी कायद्याची चौकट. १६ मार्च १९३९ ला हिटलरने प्रागच्या किल्ल्यातून फर्मान काढलं. त्यात प्रोटेक्टोरेट ‘स्वायत्त’ आहे असं म्हटलं होतं. अध्यक्ष (एमिल हाखा), पंतप्रधान, मंत्रिमंडळ, सगळं ठेवलं. वरती राइशप्रोटेक्टर, म्हणजे राइशचा (जर्मन साम्राज्याचा) प्रतिनिधी बसवला, कोन्स्टान्टिन फॉन नॉयराट. चेक सरकारच्या कुठल्याही कृतीची माहिती मागायची आणि तिला हरकत घ्यायची मुभा त्याला होती. त्याच्या हाताखाली राज्यसचिव कार्ल हेर्मान फ्रँक, हा सुडेटन (चेक सीमाभागातला) जर्मन, चेक लोकांना आतून ओळखणारा आणि म्हणूनच नॉयराटपेक्षा जास्त धोकादायक. राइशच्या हिताआड येत नाहीत तोवर जुने कायदे लागू राहतील, हेही फर्मानातच होतं. त्यामुळे १८६२ चा ऑस्ट्रियन मुद्रण कायदाही कागदोपत्री जिवंत राहिला.

सेन्सॉरची रचना दुमजली होती. खालचा मजला चेक: मंत्रिमंडळाच्या अध्यक्षीय कार्यालयातला मुद्रण विभाग, आणि त्याच्या पोटात वृत्तपत्र देखरेखीचं मध्यवर्ती कार्यालय. वरचा मजला जर्मन: राइशप्रोटेक्टरच्या कार्यालयातला सांस्कृतिक-राजकीय विभाग. त्यातल्या वृत्तपत्र गटाचा प्रमुख वोल्फगांग वोल्फ्राम फॉन वोल्मार. जिल्ह्यांत चेक जिल्हा कचेरी तपासायची आणि तिच्या डोक्यावर ओबरलांडराट, म्हणजे जर्मन जिल्हाप्रशासक.

माझं म्हणणं थोडक्यात असं: या दोन मजल्यांमधला जिना हीच राजकीय घासाघिशीची जागा होती. काय छापायचं, कुठल्या पानावर, कुणाच्या सहीने, हे सगळं सौद्यातलं चलन होतं. सप्टेंबर १९४१ मध्ये हा जिना काढून टाकला गेला.

जाणकारांनी भर घालावी.

खिळेजुळारी

छापखान्याच्या बाजूने लिहितो, कारण सेन्सॉर म्हटलं की लोकांना फक्त लाल पेन्सिल दिसते.

रोटरीवर छापणाऱ्या दैनिकाचा क्रम असा: खिळे जुळले, गॅली प्रूफ निघालं, पान बांधलं, पानावर ओलसर पुठ्ठा दाबून साचा घेतला, साच्यात शिसं ओतून वक्र पट्टी तयार केली, ती सिलिंडरवर चढवली. प्रूफवर आक्षेप आला तर जुळारी ओळी काढतो, दुसऱ्या घालतो, दहा मिनिटांचं काम. पट्टी ओतल्यावर आक्षेप आला तर दोनच वाटा. एक, पट्टी पुन्हा ओता, म्हणजे गाडी चुकणार, आणि गाडी चुकली की बाहेरगावचा अख्खा गठ्ठा रद्दी. दुसरी, छिन्नीने पट्टीवरचा तेवढा मजकूर तासून काढा. तासलेल्या जागी शाई लागत नाही, कागद पांढरा राहतो.

ऑस्ट्रियन काळापासून आणि नंतर चेकोस्लोव्हाक प्रजासत्ताकातसुद्धा हे पांढरे चौकोन चेक वाचकाच्या चांगले ओळखीचे होते. चौकोन दिसला की कळायचं, इथे काहीतरी होतं. मग कॉफीहाउसात दिवसभर तर्क. म्हणजे सेन्सॉरच बातमीची जाहिरात करायचा.

नव्या व्यवस्थेला हे परवडणारं नव्हतं. पान गुळगुळीत दिसलं पाहिजे, हा आग्रह. त्यामुळे कामाची पद्धतच बदलली: तपासणी प्रूफवर, म्हणजे छपाईच्या आधी, आणि काढलेल्या मजकुराच्या जागी तेवढ्याच उंचीचा दुसरा मजकूर. प्रत्येक पाळीला वेगवेगळ्या लांबीचे निरुपद्रवी तुकडे जुळवून गॅलीत तयार ठेवावे लागतात: बागकाम, बुद्धिबळ, पाककृती. युद्धकाळातल्या दैनिकात पहिल्या पानाच्या तळाशी अचानक मधमाश्यांवर बारा ओळी दिसल्या तर जरा थबका. दर वेळी तिथे काही दडलेलं असेल असं नाही, पण शक्यता असते.

अनुस्वार

दोघांनाही प्रश्न. जर्मनांकडे माणसं कमी नव्हती. चेक सेन्सॉर कशाला ठेवले? विश्वास कसा टाकला?

दप्तरदार

विश्वास नव्हताच. तीन कारणं दिसतात.

भाषा हे पहिलं. रोजची दैनिकं, त्यांच्या दुपारच्या आणि संध्याकाळच्या आवृत्त्या, साप्ताहिकं, गावोगावची पत्रं, व्यवसायांची मासिकं. एवढं चेक वाचून त्यातला टोमणा ओळखू शकेल अशी जर्मन माणसं मोजकीच.

दुसरं, जबाबदारी ढकलता येते. चूक सुटली की चेक अधिकारी सापडतो आणि त्याच्यामार्फत पंतप्रधानावर दाब आणता येतो.

तिसरं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या नावाच्या पत्रात, चेक संपादकाच्या लेखणीतून आलेली गोष्ट वाचक निदान वाचतो. ‘डेर नॉये टाग’ हे जर्मनांचं अधिकृत दैनिक एप्रिल १९३९ पासून प्रागमध्ये निघत होतंच. ते चेक घरात कोण घेणार?

वाळवंटातला दीपस्तंभ

अनुस्वार, विश्वासाच्या प्रश्नाचं खरं उत्तर श्मोरान्त्स आहे.

झ्देनेक श्मोरान्त्स हा त्या चेक मुद्रण विभागाचा प्रमुख. सैन्य विसर्जित झाल्यामुळे शेकडो चेक अधिकारी बेकार झाले होते. त्यांतल्या काहींना त्याने ‘वृत्तपत्र विश्वस्त’ म्हणून गावोगावच्या देखरेखीच्या कामावर नेमलं. कागदावर हे लोक स्थानिक पत्रं तपासणारे. प्रत्यक्षात जर्मन तुकड्यांच्या हालचाली, विमानतळ, साठे यांची माहिती गोळा करणारं जाळं. कल्पना विलक्षण होती: सेन्सॉरला कुठेही जायचं, कुणालाही प्रश्न विचारायचं, अहवाल लिहून राजधानीला पाठवायचं अधिकृत कारण असतं.

ही रचना लवकर कोसळली. श्मोरान्त्सला ऑगस्ट १९३९ मध्ये, म्हणजे युद्ध सुरू व्हायच्या काही दिवस आधी अटक झाली. १९ ऑगस्ट १९४२ ला बर्लिनच्या प्लोट्झेन्झे तुरुंगात त्याला मारलं. असं जाळं का फुटतं हे उघड आहे. सगळे एकाच कचेरीचे पगारदार, नेमणुकांची यादी फाइलीत, बहुतेक एकाच व्यवसायातून आलेले. एक धागा हाती आला की बाकीचे शोधायला हेरगिरी लागत नाही, पगारपत्रक पुरतं.

याचा परिणाम उरलेल्या कचेरीवर झाला. चेक देखरेख बंद केली नाही, पण तिच्या मानेवरचा जर्मन हात घट्ट झाला. १ सप्टेंबर १९३९ ला, पोलंडवर हल्ला झाला त्याच दिवशी, प्रतिष्ठित चेक मंडळींची ओलिसांसारखी धरपकड झाली. त्यात ‘पर्झीतोम्नोस्त’चा संपादक फेर्दिनांद पेरोउत्का होता, चित्रकार-लेखक योसेफ चापेक होता. पेरोउत्का बुखेनवाल्डला गेला. पुढे त्याला सुटकेचं आमिष दाखवलं: तेच साप्ताहिक जर्मनांच्या बाजूने चालव. तो नाही म्हणाला आणि छावणीत परत गेला. साप्ताहिक १९४२ मध्ये एमानुएल वायताउअरच्या हाताखाली त्याच नावाने निघालं. दप्तरदारांनी म्हटलेलं जुन्या नावाचं मोल इथे दिसतं. पेरोउत्का मिळाला नाही तरी पाटी मिळाली.

खिळेजुळारी

वरच्याला एक पुरवणी. ‘काय छापू नये’ यापेक्षा ‘काय छापलंच पाहिजे’ हा भाग संपादकाला जास्त जाचायचा. अधिकृत वृत्तसंस्थेचा मजकूर जसाच्या तसा घ्यायचा, मथळा किती स्तंभांचा तेही वरून ठरलेलं, शिवाय वोल्मार संपादकांना बोलावून तोंडी सूचना द्यायचा. कुठून सूचना आली हे छापायला अर्थातच बंदी.

संपादकांनी यावर शोधलेला पहिला उपाय म्हणजे आज्ञाधारकपणाच. वृत्तसंस्थेचं वाक्य एका स्वल्पविरामाचाही फरक न करता छापायचं. चार पत्रांत एकच परिच्छेद दिसला की वाचकाला कळतं, हे वरून आलंय. डोळा पुढे सरकतो. नियम पाळला, परिणाम शून्य.

वोल्मारच्या लक्षात हे यायला वेळ लागला नाही. म्हणून त्याची पुढची मागणी: सहीचे अग्रलेख. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शैलीत, राइशच्या बाजूने. निष्क्रिय राहून चालणार नाही. इथे पत्रकारांमध्ये खरी फूट पडली. कारेल लाझ्नोव्स्की, व्लादिमीर क्रिख्तालेक, कारेल वेर्नर, वायताउअर ही ‘ॲक्टिव्हिस्ट’ म्हणवणारी मंडळी पुढे आली. त्यांना बढत्या मिळाल्या, दौरे मिळाले. सप्टेंबर १९४० मध्ये चेक पत्रकार आणि कलावंतांचं शिष्टमंडळ जर्मनीत फिरवलं आणि बर्लिनमध्ये प्रचारमंत्री गोबेल्सने त्यांच्यापुढे भाषण केलं. क्रिख्तालेक पुढे पत्रकार संघाचा अध्यक्ष झाला. त्या संघाचं सदस्यत्व नसेल तर लिहायचं कुठे?

नागमोडी

फट नेहमीच उरते. ७ मे १९३९ ला कवी कारेल हिनेक माखा याचे अवशेष प्रागच्या व्हिशेह्राद दफनभूमीत पुरले गेले. माखा मेला १८३६ मध्ये, पुरला होता लितोमेर्झित्सेला. म्युनिक करारानंतर ते गाव जर्मनीत जाणार म्हणून अवशेष आधीच उकरून आणले होते. आता एका शंभर वर्षांपूर्वीच्या प्रेमकवीच्या अंत्ययात्रेच्या वृत्तांतावर कात्री कशी चालवणार? राजकारणाचा शब्दही नाही. पण गाव का सोडावं लागलं ते प्रत्येक वाचकाला ठाऊक.

अवांतर: एकमेव परवानगी असलेल्या राजकीय संघटनेचा, ‘नारोद्नी सोउरुचेन्स्त्वी’चा, ‘एन-एस’ अक्षरांचा बिल्ला लोक उलटा लावायचे. मग तो ‘एस-एन’ होतो आणि चेकमध्ये त्याचा अर्थ ‘जर्मनांना मरण’ असा लावता येतो. बिल्ला लावला नाही म्हणून पकडायची सोय नाही आणि उलटा लागला हे चुकून झालं म्हणता येतं.

दप्तरदार

आता एलियाश. जनरल आलोइस एलियाश, २७ एप्रिल १९३९ पासून पंतप्रधान, पहिल्या महायुद्धातला चेकोस्लोव्हाक लीजनचा (स्वयंसेवक सैन्याचा) माणूस. लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या माजी अध्यक्ष बेनेशशी आणि देशांतर्गत प्रतिकार गटांशी त्याचा गुप्त संपर्क होता, आणि त्याच वेळी तो नॉयराटपुढे बसून रोजचा कारभार करत होता. त्याच्या धोरणाला चालढकल म्हणा. त्याची तंत्रं साधारण अशी:

मागणी आली की ती तोंडी आहे का लेखी, हे विचारायचं. लेखी मागायची. लेखी आली की कायदेशीर मत मागवायचं. अध्यक्ष हाखा स्वतः सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाचा माजी प्रमुख, त्यामुळे कलम काढून वाद घालणं हा त्याचा हातखंडा. मग प्रतिमसुदा. मग भाषांतरातल्या शब्दावर वाद. नॉयराट आणि फ्रँक यांच्यात ताण असायचा, म्हणून एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याकडे. आणि शेवटी द्यावंच लागलं तर बदल्यात काहीतरी मागायचं, बहुतेक वेळा कैदी.

कैद्यांचं ठळक उदाहरण विद्यार्थ्यांचं. २८ ऑक्टोबर १९३९ च्या निदर्शनांत वैद्यकीय विद्यार्थी यान ओप्लेताल जखमी झाला, ११ नोव्हेंबरला वारला. १७ नोव्हेंबरला जर्मनांनी नऊ जणांना गोळ्या घातल्या, सुमारे १२०० विद्यार्थी झाक्सेनहाउझेन छावणीत पाठवले आणि चेक विद्यापीठं बंद केली, म्हणायला तीन वर्षांसाठी. त्यानंतर हाखाच्या जवळजवळ प्रत्येक भेटीत हा विषय असायचा. विद्यार्थी तुकड्यातुकड्यांनी सोडले गेले, १९४३ च्या सुरुवातीपर्यंत. प्रत्येक सुटकेची किंमत होती आणि ती बरेचदा वृत्तपत्रात मोजली जायची: अध्यक्षांचं निष्ठेचं वक्तव्य, आभाराची तार, पहिल्या पानावरचं छायाचित्र. आज ती पानं चाळली तर हाखा किळसवाणा वाटतो. पानामागचा व्यवहार पानावर नाही.

कडूकारलं

हे चित्र जरा जास्तच गोंडस रंगवलंय.

चालढकल कुणाच्या बाबतीत झाली आणि कुणाच्या बाबतीत नाही, हे बघा. ज्यूंच्या सार्वजनिक जीवनातल्या स्थानावर बंधनं घालणारा सरकारी आदेश क्रमांक १३६ हा चेक सरकारने स्वतः तयार केलेला. त्यावर ४ जुलै १९३९ ची तारीख आहे, प्रसिद्धी २४ एप्रिल १९४० ची. मधला काळ तडजोडीत गेला हे खरं, पण ज्यूंना वगळावं की नाही हा वादाचा मुद्दाच नव्हता. मालमत्तेचा विषय तर नॉयराटने २१ जून १९३९ च्या आपल्या आदेशाने चेक सरकारच्या हातातून काढूनच घेतला, कारण ती लूट जर्मनांना स्वतःसाठी हवी होती. म्हणजे ज्या टेबलावर विद्यार्थ्यांसाठी घासाघीस झाली, त्याच टेबलावर दुसऱ्या नागरिकांना न मागता सोडून दिलं गेलं.

दुसरं, कारखाने. स्कोडा चालू होती. तोफा वेळेवर जात होत्या. तुमच्या सगळ्या भाषांतराच्या वादांनी एका रणगाड्याला उशीर झाला का?

आणि चलन म्हणून वृत्तपत्र वापरलं म्हणता, तर ते चलन कुणाच्या खिशातून गेलं? वाचकाच्या. त्याला रोज सांगितलं जात होतं की अध्यक्ष, सरकार, संपादक, सगळ्यांना हे मान्य आहे.

दप्तरदार

आदेश १३६ बद्दल तुमचं पूर्ण बरोबर, त्यावर सारवासारव करणार नाही. कारखान्यांबाबत मात्र एलियाशच्या हातात काय होतं? शस्त्रउद्योग पहिल्या दिवसापासून थेट राइशच्या ताब्यात. १ ऑक्टोबर १९४० ला सीमाशुल्काची भिंतही गेली. विनिमय दर एक राइशमार्कला दहा क्राउन, म्हणजे चेक माल जर्मनांना स्वस्तात, आणि त्यावर सरकारने केलेली सगळी रडारड वाया गेली. घासाघिशीला वाव होता तो माणसं, शाळा, भाषा आणि नेमणुका एवढ्यातच. यांतल्या एकाही बाबतीत ते जिंकले असं मी म्हटलं नाही. अडीच वर्षं काढली, इतकंच.

वाळवंटातला दीपस्तंभ

वाचकाच्या खिशाचा मुद्दा चांगला आहे, कारण वाचकाने शेवटी त्याच खिशातून उत्तर दिलं. सप्टेंबर १९४१ चा बहिष्कार.

१४ ते २१ सप्टेंबर असा आठवडा ठरला. हाक बीबीसीवरून लंडनने दिली: प्रोटेक्टोरेटची वृत्तपत्रं विकत घेऊ नका. लक्षात घ्या, यात कुणाला काही करायचं नव्हतं. पत्रक वाटायचं नाही, जमाव नाही, घोषणा नाही. फक्त दुकानासमोरून जायचं. गुन्हा सिद्ध करता येत नाही, कारण पेपर न घेणं हा गुन्हा नाही. ३० सप्टेंबर १९३९ ला, म्युनिकच्या पहिल्या वर्षदिनी, प्रागमध्ये ट्रामवर असाच बहिष्कार झाला होता, त्यामुळे रीत माहीत होती.

अडचण वेगळीच होती. युद्धकाळात पेपर बातम्यांसाठी घेतलाच जात नव्हता. या आठवड्यात कुठल्या कुपनावर काय मिळणार, ब्लॅकआउट किती वाजता, कुठल्या वर्गाला कुठली नोंदणी, हे सगळं पेपरात. म्हणजे बहिष्कार घालणारा आपल्या साखरेची सूचना सोडत होता. तरीही खप धडाधड कोसळला, ठिकठिकाणी निम्म्याहून खाली. फ्रँकला नॉयराटविरुद्ध जो दारूगोळा हवा होता त्यात हा आकडा अगदी बसला: बघा, लंडनने बोट हलवलं की हे हलतात.

त्याच आठवड्यात, १८ सप्टेंबरला, एलियाशने ॲक्टिव्हिस्ट संपादकांना कचेरीत बोलावलं. समोर ‘ख्लेबीचेक’ ठेवले, म्हणजे पावाच्या कापावर लोणी, मांस, अंडं रचलेला प्रागचा नेहमीचा नाश्ता. त्यात जंतू आणि विष घातलं होतं. काही जण आजारी पडले. ‘चेस्के स्लोव्हो’चा संपादक लाझ्नोव्स्की ११ ऑक्टोबरला मेला. सत्तेवर असलेल्या पंतप्रधानाने आपल्याच देशाच्या संपादकांना विष द्यावं, याला जोड मला तरी माहीत नाही.

अनुस्वार

थांबा. चालढकल करणारा, कलमं काढणारा माणूस थेट विषावर कसा आला?

दप्तरदार

जिना मोडायला आला होता म्हणून. २२ जून १९४१ ला जर्मनीने सोव्हिएत युनियनवर हल्ला केला, १८ जुलैला ब्रिटनने बेनेशच्या सरकारला पूर्ण मान्यता दिली. त्यानंतर लंडनला प्रागमधलं दुसरं चेक सरकार अडचणीचं वाटू लागलं. राजीनामा द्या असा दबाव यायला लागला. इकडे फ्रँककडे एलियाशविरुद्धची फाइल जाड होत होती. आणि सहीचे अग्रलेख लिहिणारे संपादक थेट जर्मनांकडे जाऊन सरकारच्या तक्रारी करत होते. म्हणजे वाटाघाटीत एलियाशच्या हातात जी एक वस्तू होती, चेक वृत्तपत्र, तीच त्याच्याविरुद्ध उभी राहिली. कृत्याचं समर्थन करत नाही. पण ते कुठून आलं ते कळतं.

२७ सप्टेंबरला नॉयराट ‘आजारपणाच्या रजेवर’ गेला, त्याच्या जागी एसएसचा राइनहार्ड हायड्रिख प्रागला आला, एलियाशला अटक झाली. १ ऑक्टोबरला पेचेक पॅलेसमध्ये, गेस्टापोच्याच इमारतीत, बर्लिनहून आलेल्या लोकन्यायालयाने काही तासांत त्याला मृत्युदंड सुनावला, लंडनशी संबंध आणि प्रतिकाराला मदत यासाठी. लगेच मारलं नाही. हाखाला ताब्यात ठेवायला जिवंत ओलीस बरा. हायड्रिखच्या मृत्यूनंतर, १९ जून १९४२ ला, प्रागमधल्या कोबिलिसीच्या मैदानावर गोळ्या घातल्या.

कडूकारलं

आणि हाखाने राजीनामा दिला नाही. लंडनने त्याच्याशी संबंध तोडले तेही तेव्हाच.

खिळेजुळारी

हायड्रिखनंतर पान कसं बदलतं ते बघण्यासारखं आहे. लपवण्याइतकंच दाखवण्यालाही महत्त्व आलं. २८ सप्टेंबर १९४१ पासून आणीबाणी, आणि रोज फाशी-गोळीबाराच्या याद्या पेपरात आणि लाल भित्तिपत्रकांवर. जानेवारी १९४२ पर्यंत ४०० हून जास्त माणसं. मे-जून १९४२ मध्ये, हायड्रिखवर प्राणघातक हल्ला झाल्यावर, पुन्हा तेच. तेव्हा कारण म्हणून ‘हल्ल्याला संमती दर्शवली’ एवढंच छापलेलं सापडतं. लिदित्सेचंही तसंच. १० जून १९४२ ला गावातले १७३ पुरुष गोळ्या घालून मारले, बायका रावेन्सब्रुकला, गाव जमीनदोस्त. आणि हे त्यांनी स्वतः जाहीर केलं. ज्याची दहशत बसवायची ते छापायचं.

याच्या उलट थेरेझिनश्टाट, ज्यूंना कोंडायचं गाव. नोव्हेंबर १९४१ पासून ज्यूंची वाहतूक सुरू होती, शेजारचं घर रिकामं झालेलं दिसत होतं, पण पेपरात चकार शब्द नाही. ज्यूंसाठी ‘झिदोव्स्के लिस्ती’ हे वेगळं द्वैभाषिक पत्र नोव्हेंबर १९३९ पासून जर्मन देखरेखीखाली निघत होतं. त्यात सगळे निर्बंध छापले जायचे. म्हणजे ज्याने पाळायचं त्याला सगळं माहीत आणि बाकीच्या शहराला पानभर मधमाश्या.

रचनाही बदलली. १९ जानेवारी १९४२ च्या मंत्रिमंडळात वाल्टर बेर्ट्श हा जर्मन अर्थव्यवस्था आणि श्रम खात्याचा मंत्री म्हणून बसला, त्यामुळे बैठका जर्मनमध्ये सुरू झाल्या. एमानुएल मोरावेत्सकडे शिक्षण आणि लोकप्रबोधन. वृत्तपत्रांची देखरेख त्याच्या लोकप्रबोधन कार्यालयाकडे गेली. भाषांतराच्या शब्दावरून आठवडा काढायची सोय संपली.

नागमोडी

मग बातमी कुठून यायची? रेडिओ. प्रत्येक संचाच्या बटणाला पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवणं सक्तीचं: परदेशी केंद्र ऐकणं मना आहे, शिक्षा सक्तमजुरी किंवा मरणसुद्धा. युद्धाच्या उत्तरार्धात संच दुरुस्तीवाल्याकडे नेऊन त्यातला लघुलहरींचा भाग काढून घ्यायचा हुकूम निघाला. मेकॅनिकने कॉइल तोडायची, खूण करायची.

उत्तर म्हणून आली ‘चेर्चिल्का’. चर्चिलच्या नावावरून. तारेचे वेढे घातलेली बोटाएवढी कॉइल, सोबत एखादा छोटा कपॅसिटर. काढलेल्या भागाच्या जागी तात्पुरती खोचायची, लंडन ऐकायचं, उपसून खिशात टाकायची. धोका तीन ठिकाणी. वेढे एकदोन कमी-जास्त झाले तर पट्टा सरकतो आणि लंडनऐवजी खरखर. ऐकून झाल्यावर काटा मूळ जागी, प्रागच्या केंद्रावर, न आणणं. आणि आवाज. बीबीसीची ढोलाची खूण भिंतीपलीकडे लगेच ओळखू येते, म्हणून बातम्या लागायच्या क्षणी आवाज खाली.

छुप्या पत्रांपैकी ‘व् बोय’ सगळ्यात नावाजलेलं, १९३९ पासूनचं. चालवणारा योसेफ श्काल्दा त्याच नोव्हेंबरात पकडला गेला. पुढे ग्राफिक कलावंत व्होयत्येख प्राइसिग आणि त्याची मुलगी इन्का बेर्नाश्कोव्हा यांनी काम उचललं. तिला २६ ऑगस्ट १९४२ ला प्लोट्झेन्झेत मारलं, तो १९४४ मध्ये डाखाउला वारला. अशा पत्रांचा नेहमीचा मार्ग सायक्लोस्टाइलचा: मेणकागदावर रिबन काढून टंकन, एका मेणकागदावर काहीशे प्रती, फार ताणलं तर हजारभर, मग अक्षरांची पोटं फुटतात. पकडले जायचे ते सहसा छपाईमुळे नाही; कागदामुळे. एका दुकानातून रिमच्या रिम उचलल्या की दुकानदाराच्या लक्षात राहतं. नाहीतर टंकयंत्रामुळे: तुटक्या पायाचा ‘आर’ प्रत्येक अंकात तसाच तुटका येतो.

अनुस्वार

यातली बरीच दैनिकं प्रागच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने स्कॅन केली आहेत. चेक जेमतेम येतं. कुठून सुरू करू?

खिळेजुळारी

‘नारोद्नी पोलितिका’ आणि ‘लिदोव्हे नोव्हिनी’, दोन्हींचे १० सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर १९४१ चे अंक शेजारी उघडा. भाषा कमी येत असली तरी चालेल. पहिल्या दिवशी फक्त पहिली पानं. जे परिच्छेद दोन्हीकडे हुबेहूब सारखे आहेत त्यांवर खूण करा, ते वरून आलेले. मग सहीचे लेख वेगळे काढा, नावं लिहून ठेवा. तीच दहा-बारा नावं फिरून येतील. मग मागच्या पानावर जा: कुपनं, ब्लॅकआउटची वेळ, छोट्या जाहिराती. २८ सप्टेंबरनंतर याद्या सुरू होतील. नावानंतर व्यवसाय आणि गाव दिलेलं असतं, त्यावरून कुठल्या थराला लक्ष्य केलं ते कळतं: अधिकारी, नंतर काळ्या बाजारातले खाटीक आणि दलाल. हायड्रिखने ते मुद्दाम मिसळले होते.

कडूकारलं

आणि १२ ऑक्टोबरच्या आसपास लाझ्नोव्स्कीच्या मृत्यूचा मजकूर बघाच. किती स्तंभ दिलेत ते मोजा, आणि त्या दिवशीच्या यादीला किती दिलेत तेही. क्रिख्तालेकचं नाव सह्यांच्या यादीत येईलच. त्याला १९४७ मध्ये प्रागमध्ये फाशी झाली. स्कॅन धूसर असेल तर मोठा करून वाचू नका, उतरवून घ्या. युद्धकाळातला कागद इतका हलका होता की मागच्या पानाची शाई पुढे उमटते आणि मोठं केलं की दोन्ही पानं एकमेकांत मिसळतात.